‘प्रिव्ही’चा माग काढताना: ऑक्सफर्डला पैसे मोजावेत की फुकटचे कोश पुरतील?

इंग्रजीचा एखादा ऐतिहासिक कोश किती पाण्यात आहे हे पाहायचे असेल तर त्याला ‘प्रिव्ही’ हा शब्द विचारावा. आठशे वर्षे वापरात असलेला हा शब्द विशेषणही आहे आणि नामही, आणि राजाच्या दालनात, कोर्टाच्या निकालात नि परसातल्या संडासात तो सारख्याच सहजपणे वावरतो. मराठी वाचकाला तो सहसा दोनच ठिकाणी भेटलेला असतो: प्रिव्ही कौन्सिल आणि प्रिव्ही पर्स. त्यामुळे जुन्या इंग्रजी कादंबरीतले एखादे पात्र कंदील घेऊन ‘प्रिव्ही’कडे निघाले की वाचक क्षणभर अडखळतो. उच्चार ‘प्रिव्ही’ असाच, पहिला इकार ऱ्हस्व. ‘प्राइव्ही’ म्हणू नये.

येथे परीक्षण आहे ते हा शब्द नीट उलगडून देणाऱ्या साधनांचे. त्यात ऑक्सफर्डचा मोठा कोश पैसे घेतो. मिशिगन विद्यापीठाचा मध्ययुगीन इंग्रजीचा कोश, जॉन्सनचा कोश, एटिमऑनलाइन हे संकेतस्थळ आणि शिकागोच्या संग्रहातले मराठी कोश फुकट आहेत. आमचे मत आधीच सांगून टाकतो. भाषांतरकार, विद्यार्थी आणि हौशी वाचक यांना ऑक्सफर्डच्या वर्गणीची गरज बहुधा पडत नाही. फुकटची साधने मात्र कोणत्या क्रमाने आणि कोणत्या वर्णलेखनाने वापरायची हे कळले पाहिजे. नाहीतर हाती काही लागत नाही आणि दोष कोशाला दिला जातो.

कोशांना प्रश्न विचारायचे तर उत्तर साधारण कसे असायला हवे हे ठाऊक हवे, म्हणून आधी शब्दाकडे पाहू. लॅटिनमध्ये ‘प्रिव्हुस’ म्हणजे एकेकटा, स्वतःचा. त्यावरून ‘प्रिव्हारे’ हे क्रियापद आले: वेगळे काढणे, हिरावून घेणे. त्याचे धातुसाधित ‘प्रिव्हातुस’, म्हणजे सार्वजनिक कामातून वेगळा राहिलेला, राज्याचे कोणतेही पद नसलेला माणूस. डिप्राइव्ह आणि प्रायव्हेशन याच कुळातले. प्रिव्हिलेजही त्यांचाच भाऊबंद: ‘प्रिव्हुस’ला कायदावाचक ‘लेक्स’ जोडला, म्हणजे एकट्यादुकट्यासाठी केलेला कायदा. जुन्या फ्रेंचमध्ये ‘प्रिव्हे’चा अर्थ जवळचा, विश्वासातला, गुप्त असा झाला; जनावराबद्दल बोलताना माणसाळलेला असाही. आजच्या फ्रेंचमध्ये माणसाळवणे या अर्थी ‘आप्रिव्वाझे’ हे क्रियापद आहे, त्यात हा जुना धागा शाबूत आहे. फ्रेंचमधून हा शब्द तेराव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत आला तो ‘प्रिव्ही’ होऊन. पुढे चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात तोच लॅटिन शब्द थेट लॅटिनमधून पुन्हा घेतला गेला, तो ‘प्रायव्हेट’. धाकट्याने घरातला सगळा रोजचा व्यवहार ताब्यात घेतला आणि थोरला काही ठरावीक जोडशब्दांपुरता उरला.

या थोरल्याचे अर्थ असे. पहिला, विश्वासात घेतलेला, एखादी गोष्ट ठाऊक असलेला. शेक्सपिअरच्या हॅम्लेटच्या पहिल्याच प्रवेशात होरेशिओ भुताला विचारतो की देशाच्या भवितव्याला तू ‘प्रिव्ही’ असशील तर बोल. १६११ च्या बायबलमध्ये, प्रेषितांच्या कृत्यांच्या पाचव्या अध्यायात, हनन्याने जमिनीच्या किमतीतला काही भाग दडवला तेव्हा त्याची बायकोही त्याला ‘प्रिव्ही’ होती, म्हणजे तिला ते ठाऊक होते. दुसरा अर्थ, राजाचे स्वतःचे: प्रिव्ही चेंबर, प्रिव्ही सील, प्रिव्ही पर्स, प्रिव्ही गार्डन. लंडनजवळच्या हॅम्प्टन कोर्ट राजवाड्यातली प्रिव्ही गार्डन १७०२ मध्ये होती तशी पुन्हा घडवून १९९५ मध्ये लोकांसाठी उघडली. पाटी वाचून स्वच्छतागृह समजून तिकडे वळू नये. तिसरा अर्थ गुप्त, चोरून केलेला. यावरून ‘प्रिव्हिली’ हे क्रियाविशेषण. चौथा, शरीराचे झाकून ठेवायचे अवयव. बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या तेविसाव्या अध्यायात तो येतो. पाचवा कायद्यातला, त्याकडे पुढे वळू. आणि शेवटी नाम म्हणून संडास. चॉसरच्या कँटरबरी टेल्समध्ये व्यापाऱ्याच्या कथेत तरुण बायको प्रियकराची चिठ्ठी वाचते, तिच्या चिंध्या करते आणि हळूच ‘प्रिव्ही’त टाकून देते. मिशिगनचा कोश या कथेचा काळ सुमारे १३९५ धरतो.

संडासाचा अर्थ इंग्रजांनी लाजेकाजेस्तव स्वतः घडवला, असा समज अनेकांचा असतो. तसे नाही. ‘एकांताची जागा’ या अर्थाचे नाम जुन्या फ्रेंचमध्येच शौचकूपासाठी रुळलेले होते आणि इंग्रजीने ते तयारच उचलले. साधनांची पहिली कसोटी हीच धरावी. जो कोश नाम आणि विशेषण वेगवेगळे ठेवून दोघांचा फ्रेंच उगम स्वतंत्रपणे देतो तो भरवशाचा. नुसते ‘प्रायव्हेटचे जुने रूप’ म्हणून मोकळा होणारा कोश बाजूला ठेवावा.

एटिमऑनलाइन. डग्लस हार्पर यांनी उभे केलेले हे स्थळ सगळ्यांत सोपे आहे. शब्द टाका, दोन मिनिटांत लॅटिनपर्यंतची साखळी समोर येते. विशेषण आणि नाम यांच्या नोंदी स्वतंत्र आहेत. जोडशब्दांचे साधारण काळही मिळतात. फोनवर वाचायला सुटसुटीत आणि एका बैठकीत पूर्ण वाचून होण्याइतके आटोपशीर. उणीव अशी की अवतरणे जवळजवळ नाहीत. ‘तेराव्या शतकाचा आरंभ’ असे लिहिलेले असते, पण कोणत्या हस्तलिखितात, कोणत्या वाक्यात, हे तिथे कळत नाही, त्यामुळे दिलेली तारीख आपल्याला तपासता येत नाही. सुरुवात इथून करावी, पण लेखात किंवा प्रबंधात तारीख द्यायची असेल तर इथे थांबू नये.

ऑक्सफर्ड. पहिली आवृत्ती १८८४ ते १९२८ या काळात भागाभागांनी निघाली. दुसरी १९८९ मध्ये, वीस खंडांची. मार्च २००० पासून कोश आंतरजालावर आहे. तिसऱ्या आवृत्तीचे काम ‘ए’पासून सुरू न करता ‘एम’पासून सुरू केले गेले, ही गोष्ट वापरणाऱ्याच्या दृष्टीने महत्त्वाची. ‘पी’च्या नोंदी त्यामुळे नव्याने लिहून झालेल्या आहेत आणि ‘प्रिव्ही’ला त्याचा पूर्ण फायदा मिळाला. उलट वर्णमालेच्या पहिल्या भागातला एखादा शब्द पाहाल तर शंभर वर्षांपूर्वीचीच नोंद थोड्या डागडुजीसह समोर येण्याची शक्यता असते. म्हणून नोंद उघडल्यावर सर्वांत आधी तिचा इतिहास पाहावा. ती कधी पहिल्यांदा छापली आणि कधी सुधारली हे तिथे लिहिलेले असते. बहुतेक वापरकर्ते इकडे ढुंकूनही पाहत नाहीत.

वर्गणी न भरता काय दिसते? नोंदीचे सारांशपान: अर्थ किती, त्यांतले किती मृत, सर्वांत जुना पुरावा कोणत्या काळातला, शब्द कोणत्या भाषेतून आला. घरगुती शंकेला एवढे पुरते. वर्गणीदारांना त्यापुढे सगळी अवतरणे, जुनी वर्णलेखने आणि सविस्तर व्युत्पत्ती मिळते. ‘प्रिव्ही’च्या बाबतीत खरा माल अवतरणांत आहे, कारण अर्थांच्या सीमा एकमेकींत मिसळलेल्या आहेत. ‘गुप्त’ कुठे संपते आणि ‘विश्वासातला’ कुठे सुरू होते हे व्याख्येवरून कळत नाही, वाक्यांच्या रांगेवरून कळते. प्रिव्ही कौन्सिल, प्रिव्ही सील, प्रिव्ही पर्स यांच्या नोंदी मात्र वेगळ्या आहेत. मूळ शब्दाच्या पानावर त्या शोधत बसू नये, शोधखिडकीत पूर्ण जोडशब्द टाकावा.

वाचताना चुका होतात त्या खुणांमुळे. शब्दापुढे किंवा अर्थापुढे कट्यारीचे चिन्ह असेल तर तो वापर मेलेला आहे. वर्षाच्या आधी ‘ए’ असेल तर ‘त्याच्या आधी’ असे वाचायचे, ‘सी’ असेल तर ‘सुमारे’. हे न कळल्यामुळे ‘१२५०च्या आधी’ असलेली तारीख सरळ १२५० म्हणून उतरवली जाते. मध्ययुगीन ग्रंथांपुढे कधीकधी दोन तारखा दिसतात, दुसरी कंसात. पहिली हाती असलेल्या हस्तलिखिताची, कंसातली मूळ रचनेची. एकांतवासात राहणाऱ्या धर्मनिष्ठ स्त्रियांसाठी लिहिलेल्या एका मार्गदर्शिकेची प्रत सुमारे १२३० ची आणि रचना बहुधा १२०० च्या आधीची, अशी जोडी या कोशांत पुन्हापुन्हा भेटते. एका कोशात ‘१२००’ आणि दुसऱ्यात ‘१२३०’ दिसले म्हणून कोणी चुकले असे नसते. एकाने रचना मोजलेली असते, दुसऱ्याने शाई.

पैसे भरायचे की नाही? विद्यापीठात असाल तर आधी ग्रंथालयात विचारा, संस्थेची वर्गणी असू शकते. ब्रिटनमध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींना तर अनेक ठिकाणी सार्वजनिक ग्रंथालयाच्या कार्डाच्या क्रमांकावर पूर्ण कोश घरबसल्या उघडता येतो, तरी स्वतंत्र वर्गणी भरणारे भेटतात. स्वतःच्या खिशातून वर्गणी भरणे आम्हाला दोनच प्रकारच्या लोकांसाठी योग्य वाटते: सतराव्या शतकानंतरच्या शब्दांवर नियमित काम करणारे, आणि सरकारी किंवा न्यायालयीन जुन्या कागदांचे भाषांतर करणारे. १५०० च्या आधीचा शब्द असेल तर जवळपास सगळा पुरावा मिशिगनमध्ये फुकट आहे.

जुन्या आवृत्तीचा रस्ता तर आणखी स्वस्त. पहिल्या आवृत्तीचा सातवा खंड, ‘ओ’ आणि ‘पी’ अक्षरांचा, १९०९ मध्ये पूर्ण झाला. संपादक जेम्स मरे. त्याची चित्रप्रत इंटरनेट अर्काइव्हवर आहे. तिथे आतल्या मजकुरात शोध घेऊ नका. तीन स्तंभ, बारीक टंक, संक्षेपांची रेलचेल, यामुळे यंत्राने वाचलेला मजकूर ठिकठिकाणी बिघडलेला असतो. पानांच्या माथ्यावर छापलेले मार्गदर्शक शब्द पाहत पुढेमागे जायचे, जसे हातातल्या कोशात जातो तसे. खंडाची ‘ओ’ आणि ‘पी’ची पाने वेगवेगळी मोजलेली आहेत, म्हणून पानाचा आकडा टिपताना अक्षर लिहायला विसरू नये. ‘प्रिव्ही’ची १९०९ ची नोंद आजही भक्कम आहे. तिच्यात नसते ते नंतर सापडलेले जुने पुरावे आणि विसाव्या शतकातला वापर.

मिशिगनचा मध्ययुगीन इंग्रजी कोश. या परीक्षणात सर्वांत वरचा क्रमांक आम्ही याला देतो. १९५२ ते २००१ असे जवळपास अर्धे शतक त्याचे छापील भाग निघत राहिले. साधारण ११०० ते १५०० हा त्याचा काळ. आता तो पूर्ण फुकट आहे, नाव नोंदवण्याचीही गरज नाही.

पण पहिल्या शोधातच लोक अडतात. आधुनिक वर्णलेखनात ‘वाय’ने संपणारा ‘प्रिव्ही’ टाकला आणि फक्त शीर्षशब्दांत शोधले की अपेक्षित नोंद समोर येत नाही, कारण शीर्षशब्द आहे पी-आर-आय-व्ही-ई. शोधताना पर्यायी वर्णलेखनांसह शीर्षशब्द हा पर्याय निवडावा. तरीही जमले नाही तर पहिली चार अक्षरे टाकून पुढे तारांकन द्यावे. मग ‘प्रिव्हे’ची विशेषण आणि नाम अशी रूपे आणि ‘प्रिव्हिते’ हे भाववाचक नाम असे सगळे कुटुंब एकत्र दिसते. हे ‘प्रिव्हिते’ सोडू नका. आज आपण ‘प्रायव्हसी’ म्हणतो त्या जागी मध्ययुगात तेच होते, आणि त्याचा एक अर्थ ‘देवाचे गुपित’ असा होता. चॉसरच्या गिरणीवाल्याच्या कथेत त्यावर अख्खा विनोद उभा आहे: माणसाने देवाच्या आणि बायकोच्या ‘प्रिव्हिते’त फार डोकावू नये.

या कोशाची सर्वांत कामाची सोय म्हणजे उलटा शोध. शीर्षशब्द सोडून व्याख्येच्या मजकुरात ‘लॅट्रिन’ शोधले तर त्या काळी या जागेला आणखी काय काय म्हणत हे समोर येते. ‘गाँग’ हा त्यातला अस्सल जुना इंग्रजी शब्द, मूळ अर्थ जाणे; त्यावरून मैला उपसणाऱ्याला ‘गाँग फार्मर’ म्हणत. फ्रेंचकडून आलेला ‘वॉर्डरोब’ही याच रांगेत आहे, कपडे ठेवण्याच्या खोलीला लागून शौचाची सोय असे म्हणून. चॉसरच्या मठवासिनीच्या कथेत मारलेल्या मुलाला ‘वॉर्डरोब’मध्ये टाकतात, तेव्हा आजचे कपाट डोळ्यांसमोर आणले तर कथेचा भयंकरपणाच हरवतो. एखाद्या शब्दाचे शेजारी कोण होते हे कळल्याशिवाय तो किती सभ्य किंवा किती राकट होता हे ठरवता येत नाही, आणि भाषांतरात नेमके तेच ठरवायचे असते.

उणीव एकच मोठी. १५०० नंतर काय झाले याबद्दल हा कोश गप्प आहे, त्याला तसे बंधनच आहे. शिवाय अवतरणांखालची ग्रंथनामे भयंकर संक्षेपात असतात. त्यांवर टिचकी मारून ग्रंथसूची उघडायची सवय लावून घ्यावी लागते.

मधल्या काळासाठी, म्हणजे छपाई आल्यानंतरच्या दोन शतकांसाठी, इंग्रजीतल्या जुन्या छापील पुस्तकांचे टंकलिखित मजकूर फुकट उपलब्ध आहेत. मिशिगन आणि ऑक्सफर्ड विद्यापीठांच्या पुढाकाराने ते तयार झाले; पहिला मोठा टप्पा २०१५ च्या आरंभी सर्वांना खुला झाला. इथे अडचण वेगळी आहे. त्या काळच्या छपाईत ‘यू’ आणि ‘व्ही’ ही एकाच अक्षराची दोन रूपे होती: शब्दाच्या आरंभी ‘व्ही’, मध्ये कुठेही ‘यू’. म्हणून १६११ चे बायबल आणि १६२३ ची शेक्सपिअरची मोठी प्रत यांत आपला शब्द पी-आर-आय-यू असा सुरू होतो आणि शेवटी ‘वाय’ किंवा ‘आय-ई’ येते. आधुनिक वर्णांनी शोधले की थोडेच दाखले मिळतात आणि ‘हा शब्द तेव्हा फारसा वापरात नव्हता’ असा भलताच निष्कर्ष निघतो. शोधखिडकीजवळ वर्णलेखनाचे पर्याय चालू करण्याची सोय असेल तर ती वापरा. नसेल तर किमान चार रूपे हाताने टाका. ऑक्सफर्डच्या सशुल्क नोंदीतली रूपांची यादी इथे खरोखर उपयोगी पडते, हे मान्य करायला हवे.

जॉन्सन. सॅम्युअल जॉन्सनचा १७५५ चा कोश आता आंतरजालावर फुकट आहे, १७७३ च्या सुधारित आवृत्तीसह. काम सेंट्रल फ्लोरिडा विद्यापीठाचे. मूळ पान आणि टंकलिखित मजकूर दोन्ही दिसतात. ‘प्रिव्ही’ या विशेषणाचे अर्थ तो मोजून देतो: खाजगी, गुप्त, राज्याच्या गुपितांत प्रवेश असलेला, एखादी गोष्ट ठाऊक असलेला. नामाला मात्र त्याने दोनच तुकड्यांत निकालात काढले आहे: एकांतात जाण्याची जागा, गरजेचे घर. अठराव्या शतकातल्या सभ्य माणसाची मान किती वळत होती हे त्यावरून दिसते. एका सौम्य शब्दाचा अर्थ सांगायला त्याला आणखी दोन सौम्य शब्द लागले. व्युत्पत्तीसाठी जॉन्सनकडे जाऊ नये, तिथे तो फ्रेंच शब्द देऊन थांबतो. १७५५ च्या वाचकाला शब्द कसा ऐकू येत होता एवढ्यासाठी तो उत्तम.

वापराचा चढउतार आलेखात पाहायला गूगलचे एनग्रॅम बरे. पण नुसता ‘प्रिव्ही’ टाकून काढलेल्या आलेखावर काहीही बोलू नये. त्यात प्रिव्ही कौन्सिलचा वाटा इतका मोठा असतो की आलेख भाषेचा राहत नाही, ब्रिटिश राज्यकारभाराचा होतो. शब्दाला अधोरेखा जोडून नामाची खूण द्यावी, किंवा वजाबाकीचे चिन्ह घालून कौन्सिल वगळावे. वजाबाकी कंसात घालायला विसरलात तर यंत्र वेगळेच काही मोजते.

आता कायदा. ‘प्रिव्ही’ म्हणजे एखाद्या व्यवहाराशी किंवा हक्काशी असे नाते असलेला माणूस की त्या व्यवहाराचा निकाल त्यालाही बांधतो. वारस, खरेदीदार वगैरे. त्यावरून ‘प्रिव्हिटी ऑफ काँट्रॅक्ट’: करार ज्यांच्यात झाला त्यांनीच त्यावर दावा लावावा. १८६१ चा ट्वेडल विरुद्ध ॲटकिन्सन हा खटला मराठी वाचकाला चटकन समजेल. दोन व्याह्यांनी आपसात करार केला की नवरदेवाला दोघांनी अमुक रक्कम द्यायची. सासरा पैसे न देता वारला. जावयाने त्याच्या मिळकतीवर दावा लावला आणि तो हरला, कारण पैसे त्याचे असले तरी करार त्याचा नव्हता. ब्रिटनने १९९९ च्या कायद्याने हा नियम बराच सैल केला. या अर्थासाठी सर्वसाधारण कोश तोकडे पडतात. ब्लॅकच्या कायदाकोशाची १९१० ची दुसरी आवृत्ती हक्कमुक्त आहे, ती पाहावी; ‘प्रिव्ही’चे प्रकार तिथे एकेक करून सांगितले आहेत. सध्याच्या कायद्यासाठी तिच्यावर विसंबू नये.

मराठीत हे सगळे आणायचे म्हणजे एका शब्दाला एक प्रतिशब्द चालत नाही. प्रिव्ही कौन्सिल तसेच ठेवावे. १८३३ मध्ये स्थापन झालेली तिची न्यायिक समिती १९४९ पर्यंत हिंदुस्थानातल्या अपिलांची शेवटची पायरी होती, ताईमहाराज प्रकरणात टिळकांच्या बाजूने निकाल १९१५ मध्ये तिथूनच आला, आणि मराठी वृत्तपत्रांनी तेव्हापासून हेच नाव चालवले आहे. प्रिव्ही पर्सला मात्र ‘तनखा’ हा रुळलेला शब्द आहे: संविधानाच्या २९१ व्या अनुच्छेदाने संस्थानिकांना हमी दिलेले तनखे १९७१ मध्ये सव्विसाव्या घटनादुरुस्तीने रद्द झाले. तिथे ‘खाजगी थैली’ लिहिणाऱ्याने जुनी वर्तमानपत्रे चाळलेली नाहीत हे उघड होते. इंग्लंडच्या राजाच्या प्रिव्ही पर्सबद्दल लिहायचे असेल तर ‘तनखा’ चुकेल, कारण ते राजाचे खाजगी खाते आहे. त्याच्या सर्वांत जवळ जाते ती होळकरांची ‘खासगी’. राज्याची ती दौलत आणि राणीच्या हातातली वेगळी मिळकत ती खासगी, हा भेद इंदुरात काटेकोर पाळला जाई. ‘प्रिव्ही टू’साठी ‘ठाऊक असलेला’ पुरते. कटाचा संदर्भ असेल तरच ‘सामील’ म्हणावे, कारण इंग्रजीत माहिती असणे आणि हात असणे यांत फरक आहे आणि कोर्टात त्याच फरकावर माणूस सुटतो.

मराठी बाजूला आधार शिकागो विद्यापीठाच्या डिजिटल साउथ एशिया लायब्ररीचा. मोल्सवर्थची १८५७ ची आवृत्ती, दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश, तुळपुळे-फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश, सगळे तिथे फुकट शोधता येतात. मोल्सवर्थमध्ये मराठी शब्द न टाकता पूर्ण मजकुरात इंग्रजी ‘प्रिव्ही’ शोधावा. मग संडास, पायखाना, शेतखाना अशी मराठी नोंदींची रांग उभी राहते, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर एका इंग्रज कोशकाराला त्यांच्यासाठी हाच शब्द सभ्य वाटत होता हेही कळते. शेतखान्याचा शेताशी संबंध नाही. ‘सेहतखाना’, म्हणजे आरोग्याचे घर, हे त्याचे मूळ. नावे ठेवण्यात फारसी दरबार जॉन्सनच्या तोडीचा होता.

‘खाजगी’ पाहताना ‘खासगी’ही पाहावे, दोन्ही वर्णलेखनांखाली वेगवेगळा मजकूर मिळू शकतो. तुळपुळे-फेल्डहाउस इथे उपयोगाचा नाही; त्याची झेप साधारण चौदाव्या शतकाच्या मध्यापर्यंतची आहे आणि हे दरबारी शब्द बहुतेक त्यानंतरचे. दाते-कर्वे अवतरणे देतात, शेवटी चौकटी कंसात मूळ भाषाही सांगतात, पण अवतरणापुढे वर्ष नसते. असतो तो ग्रंथाचा संक्षेप. म्हणजे एखादा शब्द मराठीत कधीपासून आहे हे ठरवायचे तर पहिल्या खंडातली संक्षेपांची यादी उघडून ग्रंथ ओळखायचा, मग त्या ग्रंथाचा किंवा कागदाचा काळ दुसरीकडून काढायचा. पेशवे दफ्तरातला कागद असेल तर काम सोपे, त्यावर बहुधा तारीख असते. बखर असेल तर आधी बखरीचाच काळ ठरवावा लागतो.